मायलोला मारलेली हाक

दुपारचे बारा वाजले, की अल्बिना सेडलाचेक मागच्या दाराच्या पायरीवर यायची, एप्रनला हात पुसायची आणि नवऱ्याला जेवायला हाक मारायची. "मायलोऽऽऽ!" ती हाक मक्याच्या शेतावरून जायची, ओढा ओलांडायची आणि अर्ध्या मैलावरच्या व्हॉन्ड्राचेकांच्या घरातही पोचायची. तिथली रोझली मग आपल्या माणसांना म्हणायची, "चला, हात धुवा. मायलोचं पान वाढलं." स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघायची सवयच त्या घरातली सुटली होती.

नेब्रास्कातल्या डुब्रोव्हा गावात दर ऑगस्टला काउंटीची जत्रा भरते, आणि जत्रेत शनिवारी दुपारी नवऱ्याला हाक मारायची स्पर्धा असते. बाहेरचे लोक हे ऐकून हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते डुब्रोव्हाकरांना अजून कळलेलं नाही. नवरे मंडळी पार मैदानाच्या टोकाला, डुकरांच्या शेडमागे बसून पत्ते खेळतात. बायका इकडे बँडच्या चौथऱ्यावर एकेक करून चढतात. प्रत्येकीला तीन हाका. तीन हाकांत नवरा शेडच्या कोपऱ्यावरून बाहेर आला तर निम्मे गुण पदरात, बाकीचे निम्मे आवाजाला. नवरा आलाच नाही, तर वर्षभर गावाला बोलायला विषय. अल्बिनाने ही स्पर्धा नऊ वेळा जिंकली होती. नऊच्या नऊ निळ्या फिती फ्रिजवर चिकटवलेल्या होत्या, आणि दहावीसाठी तिने जागा सोडून ठेवली होती.

त्याच वर्षी मे महिन्यात तिचा आवाज गेला.

एका दिवसात नाही गेला. आधी सकाळची खरखर सुरू झाली. मग चर्चमध्ये वरचा सूर लागेना. मग एका दुपारी ती पायरीवर उभी राहिली, हाक मारली, तर 'माय' एवढंच निघालं आणि पुढचं नुसतं वारं. मध झालं, लिंबू झालं, आलुबुखारची दारू झाली. रोझलीने बदकाची चरबी गळ्याला चोळून वर लोकरीचा मोजा बांधायला लावला. त्याने अल्बिनाला फक्त घाम आला आणि घरभर बदकाचा वास सुटला. शेवटी ती नव्वद मैल गाडी हाकत शहरातल्या घशाच्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरांनी नाकातून एक बारीक नळी आत सोडली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता. समोरच्या पडद्यावर काहीतरी ओलं, गुलाबी दिसायला लागलं आणि त्याच्या मधोमध दोन पांढुरक्या पट्ट्या, उलट्या व्ही अक्षरासारख्या.

"आता 'ई' म्हणा," शेजारी बसलेली कोरीन म्हणाली. कोरीन ही तिथली आवाजाचे व्यायाम शिकवणारी बाई. वय पस्तिशीचं, पण बोलणं सासूचं.

अल्बिनाने 'ई' म्हटलं. पट्ट्या एकमेकींजवळ आल्या आणि थरथरायला लागल्या.

"अगंबाई," नळी काढल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्या घशात आणखी एक तोंड आहे की काय?"

"तसंच म्हणा ना. हे तुमचे स्वरतंतू. नाव तंतू, पण तारा नव्हेत त्या. मांसाच्या दोन मऊ घड्या आहेत. खालून फुफ्फुसातली हवा येते, घड्यांना ढकलून उघडते. हवा निसटली की त्या आपोआप परत मिटतात. पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात. तुम्ही बोलताना सेकंदाला दोनशे वेळा."

"सेकंदाला?"

"सेकंदाला. लुकलुकणारा दिवा लावला होता म्हणून सावकाश दिसलं, नाहीतर नुसतं धूसर दिसलं असतं. इथं बोटं ठेवा आणि 'म' म्हणा."

अल्बिनाने गळ्यावर बोटं ठेवून 'म' म्हटलं. बोटांखाली बारीक गुणगुण लागली. साठ वर्षं हा आवाज ती वापरत होती, पण त्याला हात लावायचं कधी तिच्या मनात आलं नव्हतं.

"आणि पडद्यावर थांबवलेल्या ह्या चित्रात दोन उंचवटे दिसतात का, मधोमध समोरासमोर? गाठी आहेत. घाबरू नका, वाईटातल्या नाहीत. फावडं धरून हाताला घट्टे पडतात ना, तसे हे. घड्या एकमेकींवर आपटून आपटून पडलेले. गाठींमुळे त्या नीट मिटत नाहीत, फटीतून वारं निसटतं." कोरीनने वहीत काहीतरी लिहिलं. "दिवसभर ओरडता कुणावर?"

"कुणावर ओरडणार? घरात मी आणि मायलो. दोघंच."

"मायलो काय करतात?"

"शेती. पन्नास वर्षं ट्रॅक्टरवर बसलाय."

"त्यांना ऐकू नीट येतं?"

"माझं तर सगळं ऐकतो!" अल्बिना म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली. कोरीन हसली नाही.

निकाल असा लागला: एक आठवडा तोंडातून शब्द काढायचा नाही. नंतर व्यायाम. दहा आठवडे ओरडणं साफ बंद.

"दहा आठवड्यांनी जत्रा आहे," अल्बिना म्हणाली.

"मग जत्रेत आइस्क्रीम खा. मिसेस सेडलाचेक, स्पष्टच सांगते. गाठी गेल्या तर ठीक. नाही गेल्या तर कापाव्या लागतील. आणि कापल्यावरही हे ओरडणं चालूच राहिलं, तर पुन्हा येतील. असं करत करत एक दिवस नुसतं वारंच उरेल."

परतीच्या नव्वद मैलांत अल्बिनाने रेडिओसुद्धा लावला नाही. तिला खरंच भीती वाटली होती. तिचं शिक्षण बेताचं, रूप चारचौघींसारखं, पाव तर रोझलीचेच बरे. गावात तिची म्हणून जी काही ओळख होती, ती ह्या आवाजाची होती.

पहिले दोन दिवस तिने शिस्त कडक पाळली, म्हणजे तिला तसं वाटलं. ती फक्त कुजबुजायची. दुकानात कुजबुजली, "खसखस आहे का?" तर दुकानदारही कुजबुजला, "मागच्या फळीवर." बँकेत गेली, तिथली मुलगी कुजबुजली. चर्चच्या तळघरात ती दाराशी कुजबुजली, तर आत बसलेल्या अकरा बायका एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या आणि उशिरा आलेल्या पाद्रीबाबांना वाटलं, कुणीतरी गेलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

तिसऱ्या दिवशी चौकशीला कोरीनचा फोन आला.

"मी अजिबात बोलत नाहीये," अल्बिनाने फोनमध्ये कुजबुजून सांगितलं.

"मग हे काय चाललंय?"

"ही तर कुजबुज."

"कुजबुज म्हणजे विश्रांती वाटली का तुम्हाला? तुमच्यासारखीला तर ती जास्तच महागात पडते. सगळा गळा आवळून धरता तुम्ही! दोन दिवस फुकट घालवलेत. ठेवा तो फोन. आणि हो म्हणायचं नाही, नुसता ठेवा!"

अल्बिनाने नुसता ठेवला.

मग खरं मौन सुरू झालं. तिने खडूची पाटी आणली, पण मायलोचा चष्मा कायम ट्रॅक्टरमध्ये राहिलेला. ती पाटीवर लिहायची, 'दूध संपलं', मायलो ती पाटी हात लांब करून धरायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "छान अक्षर आहे तुझं." तो मजेत होता. घर किती शांत झालंय, असं त्याने दिवसातून चार वेळा सांगितलं. अल्बिना दात आवळून ऐकून घ्यायची.

पण गप्प बसलेल्या माणसाला बरंच काही दिसायला लागतं. मायलो टीव्ही लावायचा तेव्हा कपाटातल्या बश्या थरथरायच्या. किटली शिट्टी मारायची, तरी तिच्याच शेजारी बसलेला मायलो कॉफी ढवळत राहायचा. फोन वाजून वाजून थांबायचा. आळशी झालाय मेला, असं अल्बिनाने ठरवून टाकलं. आता बोलायची परवानगी मिळू दे, मग बघते एकेकाला.

गुरुवारी तिने डुकराचं मांस भाजलं होतं, सोबत आंबवलेली कोबी आणि वाफेवरचे पिठाचे गोळे, डंपलिंग. हे जेवण गरम असतानाच खायचं. गार झालं की डंपलिंग भिंतीला लिंपायच्या लायकीचे होतात. बाराला तिने मावशीची पितळी घंटा काढली. मावशी एका खोलीच्या शाळेत मास्तरीण होती, आणि ही हातातली घंटा ऐकून तीन मैलांवरची पोरं पळत यायची म्हणे. अल्बिना पायरीवर उभी राहिली आणि तिने घंटा घणघणवली. ओढ्यापलीकडे रोझलीचा कुत्रा भुंकायला लागला. मायलो काही आला नाही.

तिने पुन्हा वाजवली. तो दिसत होता की! अवजारांच्या शेडच्या दारात, तिच्याकडे पाठ करून, यंत्राला वंगण भरत उभा होता. अल्बिनाचं डोकं तापलं. ती घंटा वाजवतच अंगण ओलांडून निघाली. वीस पावलं राहिली. दहा राहिली. पाच राहिली. मायलो शांतपणे वंगण भरत होता.

मग त्याला तिची सावली दिसली आणि तो दचकून वळला. "अगं, जीव घेतलास की! हे काय, घंटा घेऊन कुठं निघालीस?"

तिने त्याच्या तोंडासमोर घंटा हलवली.

"हां, दिसली. मावशीची ना?" मायलोने खाली वाकून घंटेच्या आत बघितलं. "वाजत का नाही? लोलक पडला वाटतं."

लोलक जागच्या जागी होता. अल्बिनाचा हात थांबला. तिने मायलोचा वंगणाने काळा झालेला हात धरला, त्याची दोन बोटं घंटेच्या कडेला हलकेच टेकवली आणि घंटा हलवली. बोटांखाली पितळ थरारलं. मायलोने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग त्याने तो आपण होऊन परत पुढे केला.

"वाजतेय?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"मोठ्यानं?"

तिने मान हलवली. रोझलीचा कुत्रा अजून भुंकत होता, तेही त्याला ऐकू येत नव्हतं.

तेव्हा अल्बिनाच्या डोक्यात प्रकाश पडला. माझं तर सगळं ऐकतो, असं ती दवाखान्यात ऐटीत सांगून आली होती. ऐकेल नाहीतर काय! दोन वर्षं ती ह्या माणसाशी ओरडूनच बोलत होती. मीठ दे, ओरडून. गुड नाइट, ओरडून. तो जरा जरा लांब जात राहिला आणि ती जरा जरा चढवत राहिली, आणि दोघांनाही ते कळलं नाही. तिला त्याला खूप काही ऐकवायचं होतं, पण आवाज काढायची बंदी होती, म्हणून ती तिथंच वंगणाच्या डब्यावर बसून रडली. मायलो तिच्यासमोर घंटा धरून उभा राहिला. एवढा मोठा माणूस शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा राहिलेला बघून मग तिला हसूही आलं. डंपलिंग त्यांनी गारच खाल्ले.

पुढच्या आठवड्यात मायलो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन दोन छोटी यंत्रं घेऊन आला. घंटेसारखे बारीक सूर त्याच्या कानांतून केव्हाच गेले होते, बायकोची भरदार हाक तेवढी पोचत होती. ती त्याने जेमतेम तीन दिवस घातली. "फ्रिज गुरगुरतो," तो म्हणाला. "पेपर कडाकडा वाजतो. सूप पितो तर वाटतं गाईच गोठ्यात पाणी पितायत. लोक हे सगळं सहन कसं करतात?" तिसऱ्या दिवशी रोझलीच्या नवऱ्याने, स्टॅनने, त्याला विचारलं, "काय रे, ह्याच्यावर बेसबॉलची मॅच ऐकू येते का?" संध्याकाळी यंत्रं स्वयंपाकघरातल्या खणात गेली, रबरबँड आणि बियाण्यांच्या पाकिटांच्या संगतीला.

अल्बिनाला आता थोडं थोडं बोलता येत होतं. तिने खण उघडला, बघितला, आणि रागाने बंद केला. पण ती ओरडली नाही. कोरीनचा नियम होता: जवळ जाऊन बोला, नाहीतर बोलू नका. म्हणून रोज बाराला ती शेत तुडवत जायची, मायलोच्या खांद्याला हात लावायची आणि त्याच्या समोर उभी राहून म्हणायची, "चल, जेवायला." सहा आठवड्यांत तिचे बूट झिजले. गंमत म्हणजे परत येताना दोघं बरोबर यायचे. एरवी तो मागून, बूट आपटत, तिने वाढून झाल्यावर यायचा.

आणि दिवसातून पाच वेळा व्यायाम. ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि स्ट्रॉतून गुणगुणायचं. पाण्यात बुडबुडे, गळ्यात सूर. कोरीन समोर बसून बघायची.

"ढकलताय तुम्ही."

"ढकललं नाही तर आवाज जाणार कसा?"

"आवाज मोठा होतो तो वर, तोंडात, नाकात. घड्यांनी फक्त हलकं भेटायचं असतं. तुम्ही हवा नुसती सोडा. त्या येतात जवळ. त्यांना ओढून आणावं लागत नाही."

अल्बिना घरी आली, मागच्या खोलीत बसली आणि हवा नुसती सोडायला शिकली. चर्चमधली जुनी गाणी, पोल्का, जे आठवेल ते ती स्ट्रॉतून गुणगुणायची. दारातून जाता जाता मायलो थांबायचा. गाल फुगवून ग्लासात फुंकणारी बायको थोडा वेळ बघायचा आणि निघून जायचा. खणाबद्दल ती एकदाच बोलली होती. पुन्हा तो विषय काढायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. चव्वेचाळीस वर्षं ह्या माणसाला ढकलून झालं होतं.

जुलैच्या शेवटी परत नळी, परत पडदा. गाठी जवळजवळ विरल्या होत्या. घड्या गुळगुळीत मिटत होत्या. कोरीनने पडदा बंद केला.

"एकच," ती म्हणाली. "तीन नाही, एकच हाक. स्ट्रॉतून निघतो तोच सूर. घशाला पत्ता लागता कामा नये. आणि ते जिंकायचं वगैरे डोक्यातून काढा."

अल्बिनाने काढलं नाही, पण हो म्हणाली.

जत्रेच्या शनिवारी ऊन रणरणत होतं. मायलो सकाळीच टोपी कानापर्यंत ओढून पत्त्यांच्या टोळीबरोबर पुढे निघून गेला होता. चौथऱ्यावर लाउडस्पीकर घेऊन एड पोस्पिशिल उभा होता. परीक्षकही तोच, सूत्रधारही तोच, आणि वर्षभर गावाचा न्हावीही तोच. आधी रोझली चढली. "स्टॅऽऽन!" पहिल्या हाकेला डुकरं उठून उभी राहिली, स्टॅन नाही. दुसऱ्या हाकेला आइस्क्रीमवाल्याने कान झाकले. तिसऱ्या वेळी रोझलीने कमरेवर हात ठेवले आणि गरजली, "स्टॅन! तुझी बिअर मी ओतून देतेय!" स्टॅन शेडच्या कोपऱ्यावरून असा सुटला, की टोपी मागेच राहिली. लोक हसून हसून बाकांवर लोळले.

मग अल्बिनाचं नाव पुकारलं. ती पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ घेऊन वर चढली. पुन्हा हशा पिकला. तिने सगळ्यांसमोर बुडबुडे काढले. एकाने ओरडून विचारलं, "अल्बिना, त्याला तहान लागलीय की तुला?" तिने लक्ष दिलं नाही. मैदान एवढं लांब तिला कधीच वाटलं नव्हतं. आजवर तिने शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळेल अशी हाक मारली होती, तेव्हा कुठं मायलो आला होता. आज ती हाक तिच्याजवळ नव्हती, आणि यंत्रं खणात होती. तो येणार नाही. सगळं गाव बघेल, की मायलो सेडलाचेक बायकोच्या हाकेला आला नाही.

तिने गळ्यावर दोन बोटं ठेवली. 'म' म्हटलं. बोटांखाली गुणगुण लागली. हवा नुसती सोडली.

"मायलोऽऽ."

मोठी नव्हती ती हाक. गोल होती, स्वच्छ होती, आणि सावकाश मैदानावरून गेली. बाकांवरचे लोक वाट बघत राहिले. एड पोस्पिशिल खाली वाकून म्हणाला, "झाली का तयारी? मार आता हाक."

"मारली," अल्बिना म्हणाली.

"कधी?"

तेवढ्यात शेडच्या कोपऱ्यावरून मायलो बाहेर आला. टोपी मागे सरकवलेली, हातात पत्ते तसेच. तो अर्धं मैदान चालत आला आणि वैतागून म्हणाला, "ओरडतेस कशाला? येतोय ना!"

लोकांना वाटलं, मायलो विनोद करतोय. हशा उसळला. अल्बिना पायऱ्या उतरून पुढे गेली. त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, आणि एकावर गवताची काडी अडकली होती. ती तिने काढली.

"कधी घातलीस?"

"सकाळी." मायलो पत्त्यांकडे बघत बोलला. "दोन महिने बघतोय, तू त्या खोलीत गाल फुगवून बसतेस. म्हटलं बघू तरी, काय करते. घातली आणि दाराबाहेर उभा राहिलो." त्याने एक पत्ता उगाच उलटासुलटा केला. "ते गाणं लग्नातलं होतं ना? आपण नाचलो होतो ते?"

"हो."

"छान म्हणतेस गं."



पहिला नंबर रोझलीचा आला. तिच्यापुढे काय टिकणार होतं! अल्बिनाला लाल फीत मिळाली, दुसऱ्या नंबरची. उरलेल्या दोन हाका तिने मारल्याच नाहीत. फीत मुठीत धरून ती मायलोच्या मागे गर्दीतून निघाली. बँड सुरू झाला होता, पोरं किंचाळत होती, डुकरांच्या शेडमध्ये अजून गोंधळ होता, आणि मायलो लांब लांब टांगा टाकत पुढे चालला होता.

"मायलो," ती म्हणाली, कोलाचे नावाच्या गोड पावांच्या दुकानासमोर, घरात बोलावं तशी, "थांब जरा."

आणि तो थांबला.